येतो म्हन

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवेल. मीही शाळेतलाच, पण ती गोष्ट फार जुनी झाली. आता मी चौकात असतो. अंबडकडून अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता आमच्या गावाला चाटून जातो. त्या रस्त्याच्या कडेला तातेरावांचं चहाचं हॉटेल आहे, आणि त्या हॉटेलाच्या भिंतीवर दोन खिळे आणि एका तारेच्या भरवशावर मी टांगलेला आहे. माझा एक कोपरा पाण्याने फुगलाय. मधली भेग वरून निघाली ती आता खालपर्यंत आली. गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ दिवसभर अंगावर बसते. खरं सांगायचं तर मी दमलो आहे. तरी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, तेवढी ऐका. चहा पीत ऐकलीत तरी माझी हरकत नाही.

गावच्या सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला बनवलं. काळा रंग विकत आणायची तेव्हा पद्धत नव्हती. शाळेतली पोरं जुने सेल फोडून त्यातली काळी पूड काढायची, पाल्याच्या रसात कालवायची आणि मला फासायची. दोन दिवस पोरांचे हात काळे आणि माझं अंग ओलं. त्या अंगावर मी पाढे वागवले, बाराखड्या वागवल्या, किती पोरांची पहिली अक्षरं वागवली. मग शाळेला हिरवा गुळगुळीत फळा आला, पुढे भिंतीवर पडदाच आला. मला व्हरांड्यात आडवं टाकलं. पोरं माझ्यावर बसून डबा खायची. अंगावर आमटी सांडली तरी कोणी पुसत नसे.

तिथून मला उचललं बद्रीनाथ आबांनी. आबा शेतकरी, शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर असं की तहसिलातले लोकसुद्धा अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे यायचे. ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "शाळेला नको असंल तर चौकाला द्या." बैलगाडीत घालून मला इथे आणलं.

तेव्हा गावात वर्तमानपत्र एकच यायचं, दहाच्या एसटीने. एक पेपर आणि वीस हात. पेपराची पानं वेगळी होऊन कुठे कुठे जायची, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ते नुसतेच तोंडाकडे बघत बसायचे. म्हणून आबांनी रिवाज पाडला. सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसायचं. वर मधोमध 'श्री' लिहायचं. त्याखाली वार आणि तिथी, त्याखाली पाच बातम्या. उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट. त्या चौकटीत एकाच प्रकारची बातमी यायची: अमुक अमुक यांना देवाज्ञा झाली, अंत्यविधी इतक्या वाजता. चौकट रिकामी असली की बायका हंडा घेऊन जाताना तिकडे एक नजर टाकायच्या आणि निवांत पुढे जायच्या.

लोक माझ्यासमोर उभे राहायचे. वाचणारा मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. एसटीचा ड्रायव्हर गाडी हळू करून कापसाचा भाव बघायचा. मी तेव्हा फार मिजाशीत होतो, कबूल करतो.

मग मोबाइल आले. बातमी खिशात आल्यावर भिंतीकडे कोण बघतो? माझ्यावर कोणीतरी कोणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलं. त्याचा डिंक आजही माझ्या डाव्या बाजूला आहे, तिथे खडू उठत नाही. आबा मात्र थांबले नाहीत. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हात थरथरायला लागला. एकदा त्यांनी सोयाबीनचा भाव लिहिला आणि तो शेतकऱ्यांनी दीड हजार जास्त वाचला. दिवसभर चौकात हसू आणि शिव्या दोन्ही चाललं होतं. त्या संध्याकाळी आबांनी खडूचा डबा हरिओमच्या हातात दिला.

आता हरिओम कोण ते सांगतो. उषाबाईंचा एकुलता एक मुलगा. वय अठ्ठावीस. संभाजीनगरला राहून सायन्स शिकला, दोन-तीन वर्षं सरकारी परीक्षा दिल्या आणि परत आला. हॉटेलाच्या बाजूलाच त्याचं ऑनलाइन सेंटर आहे. लोकांचे फॉर्म भरतो, उतारे काढून देतो. उंच आहे, बोलणं कमी आहे, अक्षर आबांच्या खालोखाल आहे. आणि तो देव मानत नाही.

नाव हरिओम, आणि देव मानत नाही. गावाला ह्याहून मोठी करमणूक कुठून मिळणार? सप्ताह कमिटीचे राधेश्याम, ज्यांचं किराणा दुकान माझ्या बरोबर समोर आहे, त्याला दिवसातून एकदा तरी हाक मारायचे, "ओ हरि ओम तत्सत्, आज देव हाय का न्हाई?" तो म्हणायचा, "काल व्हता तेवढाच हाय, काका." आणि खाली मान घालून पुन्हा फॉर्म भरायला लागायचा.

मित्रांनो, आमच्यासारख्या गावात नास्तिक असणं हे एक कामच आहे, आणि त्याला रविवारचीही सुट्टी नाही. पाऊस पडला की लोक त्याला सांगायला येत, बघ, देव हाय. पाऊस नाही पडला तरी सांगायला येत, तुझ्यासारख्यांमुळं न्हाई पडला. प्रसाद घेतला तर म्हणत, आता कसा घेतो? नाही घेतला तर म्हणत, शिरा बी सोडला का? परतूरहून एक चांगलं स्थळ आलं होतं. पाहुण्यांनी शेत विचारलं, शिक्षण विचारलं, आणि मग विचारलं, लग्नात पूजेला बसणार का. तो म्हणाला, "बसंन की. पण माझ्या मनात काही नसंल, ते आधीच सांगतो." पाहुणे चहा पिऊन गेले ते गेले. उषाबाई आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "मनातलं सांगायचं कोनी इचारलं व्हतं का तुला?"

आणि बातम्या! कोणतीही बातमी आली की तिच्यावर त्याचं मत पाहिजेच. चंद्रावर यान उतरलं त्या दिवशी हरिओमने माझ्यावर ती बातमी एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिली की बाकीच्या चार बातम्यांना जागाच राहिली नाही. राधेश्याम चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, "लोकांनी पूजा केल्या म्हनून उतरलं."

"मागच्या बारीला बी केल्त्या की लोकांनी," हरिओम म्हणाला.

सगळे हसले. राधेश्यामही हसले. मग उत्तरेत कुठेतरी कोण्या बाबाच्या सत्संगात चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तेव्हा राधेश्याम म्हणाले, "आज तुला आनंद झाला असंल." हरिओमने खडू खाली ठेवला. "बायका व्हत्या त्यात, काका. लेकरं व्हती. आनंद कसला?" भरतीचा पेपर फुटल्याची बातमी त्याने लिहिली तेव्हा त्याचा खडू दोनदा मोडला. कारण त्या परीक्षेला तो स्वतः बसला होता. कोणीतरी म्हणालं, देवाची मर्जी. त्यावर तो एवढंच म्हणाला, "देवाला कशाला मधी घेता? ज्यानं फोडला त्याला धरा." पोरं पळवणारी टोळी आली म्हणून मोबाइलवर बोभाटा झाला, तेव्हा त्याने पोलीस ठाण्यात फोन करून विचारलं आणि माझ्यावर लिहिलं: टोळीची बातमी खोटी आहे, परक्या माणसाला मारू नका. मला वाटतं, माझ्या अंगावर लिहिलेली ती सर्वांत उपयोगी ओळ असेल. आरक्षणाच्या आंदोलनाच्या दिवसांत अंतरवालीकडे जाणाऱ्या गाड्यांनी हा रस्ता भरून गेला होता, तेव्हा तोही दोन दिवस जाऊन बसला. परत आल्यावर तातेरावांना म्हणाला, "लई बरं वाटलं. तिथं मला कोनी देव इचारला न्हाई."

तो दमला होता, हे मला कळायचं. तो रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहायचा, आणि त्या पंधरा मिनिटांत त्याच्या खांद्याचा ताण उतरायचा. एकदा तो तातेरावांना म्हणाला होता, "खडू हातात असला की लोक बातमी वाचत्यात, मला वाचत न्हाईत. तेवढंच सुख हाय मला ह्या गावात."

त्याच्या पहिल्याच आठवड्यातला घोटाळा सांगतो. आबांनी खडू दिला तेव्हा हरिओम म्हणाला होता, "आबा, मी श्री लिहिनार न्हाई." आबा म्हणाले, "जागा सोड, मी लिहीन." तेव्हापासून तो वर मधोमध चार बोटं जागा सोडायचा, आणि आबा काठी टेकत येऊन थरथरत्या हाताने तिथे 'श्री' काढायचे. पण श्रीबरोबर हरिओमने तिथीही गाळली. त्याला वाटलं, हेही त्यातलंच. झालं असं की चौकातल्या निम्म्या बायका तिथी माझ्यावर बघायच्या. घरात कॅलेंडर असतं, पण त्याच्यावर दुधाचा हिशेब. तर संकष्टी आली, आणि दुपारपर्यंत कोणाला पत्ताच लागला नाही. तुळजामाय, म्हणजे आबांच्या पत्नी तुळजाबाई, दुपारी पिठलं-भाकरी खाऊन ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या, तेव्हा शेजारणीने येऊन सांगितलं.

त्यांचा ओटा माझ्या डाव्या हाताला, हाकेच्या अंतरावर आहे. त्या तिथूनच ओरडल्या, "आरं हरी! आज चतुर्थी व्हती! मी भाकर खाल्ली की रं!"

हरिओम सेंटरमधून बाहेर आला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "माय, चुकलं माझं. मला वाटलं, तिथी बी देवाचीच."

"देवाची कशी? चंद्राची हाय ती. तुझ्या इचारानं चंद्र उगवायचा थांबतो का?"

त्याने जरा विचार केला. "बराबर हाय," तो म्हणाला. "ते गनितच हाय. उद्यापासून लिहितो."

"आन् माझा उपास?"

"मोडला की, माय."

"मोडला तर मोडला. गनपतीला सांगते, हरीनं मोडला." आणि त्या हसायला लागल्या, एवढ्या की हातातली वात सुटली. त्या दिवसापासून माझ्यावर तिथी न चुकता आली.

तुळजामायला त्याच्या नास्तिकपणाचा त्रास नव्हता. उलट त्या म्हणायच्या, "तुला हाक मारली की माझा जप व्हतो. तू माझ्या पुन्याचा धनी." त्यांचा राग फक्त एका शब्दावर होता. हरिओम रोज मला लिहून झालं की त्यांच्या ओट्याजवळून सेंटरकडे वळायचा आणि म्हणायचा, "जातो, माय."

"जातो म्हनू न्हाई रं. येतो म्हन."

"जाऊन राह्यलो तर जातोच म्हननार ना? शब्दानं काय व्हतंय?"

"काही व्हत न्हाई तर मंग म्हनायला काय व्हतंय?"

पण तो म्हणायचा नाही. चार वर्षांत एकदाही म्हणाला नाही. मी ऐकून ऐकून कंटाळलो होतो, पण ते दोघे कंटाळले नाहीत.

आता खरी गोष्ट. मागच्या वर्षी राधेश्यामांचे चुलते वारले. ऐंशीच्या पुढचे होते. हरिओमने चौकटीत लिहिलं: 'वृद्धापकाळाने निधन झाले. अंत्यविधी सकाळी अकरा वाजता.' आबांनी नेहमी 'देवाज्ञा झाली' असं लिहिलेलं. हरिओम पहिल्यापासून असंच लिहायचा, पण आधी कोणाचं लक्ष गेलं नाही. दहाव्याला लोक जमले तेव्हा कोणी पाहुण्याने मोबाइलमधला फोटो दाखवला आणि विचारलं, तुमच्याकडे देवाज्ञा लिहीत नाहीत का?

राधेश्याम संतापून माझ्यासमोर आले. "आमचा काका आयुष्यभर टाळ वाजवत राह्यला. आन् त्याला देवानं बोलावलं न्हाई, तर काय तो असाच गेला का?"

"काका, मला जे ठाऊक न्हाई ते मी लिहू कसं?" हरिओम म्हणाला. "सोयाबीनचा भाव तरी मी इचारल्याबिगर लिहितो का?"

"भाव आन् मानूस एकच हाय का तुला?"

हॉटेलात दहा-बारा जण होते. कोणी म्हणालं, खडू दुसऱ्याला द्या. कोणी म्हणालं, फळाच काढून टाका, कोण वाचतो. मला त्याचं वाईट वाटलं, पण राग आला नाही. मग आबा बोलले. ते कोपऱ्यातल्या बाकावर होते.

"खडू मी दिला हाय," आबा म्हणाले. "पुढची मौत व्हईल तेव्हा चौकटीत काय लिहायचं, ते मी सांगीन. हरी तेच लिहील. न्हाई लिहिलं तर खडू मी परत घेतो. झालं?"

राधेश्याम म्हणाले, झालं. सगळे म्हणाले, झालं. हरिओमने मान हलवली. त्याला दुसरं काय करता येणार होतं?

पुढचे चार महिने चौकट रिकामी राहिली. गावात एवढे दिवस कोणी न जाणं हे चांगलंच, पण हरिओम रोज त्या चौकटीच्या रेषा ओढायचा आणि तिथे जरा थांबायचा. एकदा माझ्याजवळच पुटपुटला, "लिहिलं तर मी खोटा, न्हाई लिहिलं तर गेला खडू." मी काय बोलणार? मला तोंड नाही. मला विचाराल तर देवाबद्दल मला काही माहीत नाही. माझ्यावर श्री रोज लिहिलं गेलं आणि रोज पुसलं गेलं.

माघात तुळजामायला ताप आला. दोन दिवस घरचे काढे झाले, तिसऱ्या सकाळी त्यांना श्वास लागायला लागला. गावातल्या मिथुनची भाड्याची जीप बोलावली. मागच्या सीटवर त्यांना आडवं केलं, सून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आबा पुढे ड्रायव्हरशेजारी. जीप माझ्यासमोर थांबली, कारण तातेराव पाण्याची बाटली द्यायला धावले होते. हरिओम तेव्हा लिहीत होता. तिसरी बातमी अर्धी राहिली. खडूच्या हातानेच तो जीपच्या मागच्या खिडकीशी गेला.

तुळजामायने डोळे उघडले. आवाज फार बारीक होता, इंजिन सुरू होतं, सून रडत होती. पण मी ऐकलं. त्या म्हणाल्या, "येते रं, हरी."

हरिओम खिडकीला धरून उभा होता. तो म्हणाला, "या, माय."

जीप जालन्याच्या रस्त्याला लागली. खिडकीच्या काचेवर त्याच्या चार बोटांचे पांढरे ठसे होते. तो परत आला आणि बराच वेळ त्याने ती अर्धी बातमी पुरी केली नाही.

दवाखान्यात त्यांच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला तो शेवटपर्यंत निघाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तातेरावांना फोन आला. ते फोन कानाला लावून "हां, हां" एवढंच म्हणत राहिले. मग त्यांनी गॅस बंद केला. चहाचं पातेलं तसंच राहिलं.

दुपारी बाराला माय घरी आल्या. अंत्यविधी चारला ठरला. शेतातल्या, कारखान्यावर गेलेल्या लोकांना कळायला पाहिजे, तेव्हा चौकट भरायला हवी होती. हरिओम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सकाळची तिथी आणि बातम्या होत्या, वर मधली चार बोटं जागा कोरी होती. माझ्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली. कोणी मुद्दाम आलं नव्हतं, पण गेलंही कोणी नाही. ठरल्याप्रमाणे पुढची मौत आली होती, आणि ती आबांच्याच घरात आली होती.

आबा ओट्यावरून उतरले. काठी टेकत, कोणाचा हात न धरता ते माझ्यापर्यंत आले. राधेश्याम हलक्या आवाजात म्हणाले, "आबा, सांगा त्याला. काय लिहायचं ते."

आबा चौकटीकडे बघत राहिले.

हरिओमने खडू उचलला. त्याने लिहिलं: 'तुळजाबाई बद्रीनाथ'. अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. मग त्याने लिहिलं 'यांना'. मग 'दे'. त्याच्या हाताचा जोर मला कळत होता. खडू लाकडात घुसत होता.

"थांब," आबा म्हणाले. "काय लिहून राह्यला?"

"देवाज्ञा."

"मी सांगितलं का?"

"न्हाई, आबा. पन तुमच्यासाठी लिहितो. मायसाठी लिहितो. माझं काय, जाऊ द्या."

आबांनी मान हलवली. त्यांनी पुढे होऊन आपल्या उपरण्याच्या टोकाने तो 'दे' पुसला, आणि 'यांना'ही पुसला. "तिच्यासाठी खोटं नको लिहू. चार वर्षं तुला एक शब्द शिकवून राह्यली व्हती, तो बी तू खोटा म्हनला न्हाई. ती घरात येऊन सांगायची मला. म्हनायची, हरी लई हट्टी हाय, पन वरून एक आन् आतून एक न्हाई." मग ते हरिओमच्या जवळ सरकले. "हरी, ती जाताना तुला काय म्हनली रं? मी पुढं बसल्तो. मला आयकू आलं न्हाई. मंग तिचं तोंड बांधलेलंच व्हतं. मला काहीच म्हनली न्हाई ती."

रस्त्यावर उसाचा एक ट्रॅक्टर आला, तो कोणाच्या तरी हातवाऱ्याने थांबला.

हरिओम माझ्याकडे वळला आणि नावापुढे, जिथे आबांनी पुसलं होतं तिथे, त्याने लिहिलं: 'येते म्हणून गेल्या.'

त्याखाली: 'अंत्यविधी दुपारी चार वाजता.'

आबांना लांबून दिसत नव्हतं. ते अगदी माझ्याजवळ आले. त्यांनी बोट माझ्या अंगावर टेकवलं आणि एकेक अक्षराखालून नेलं, जसं पहिलीतली पोरं नेतात. येते. म्हणून. गेल्या. त्यांच्या बोटाला खडू लागला. ते बोट त्यांनी कपाळाला लावलं आणि तिथेच, माझ्यासमोर, मोठ्याने रडले. हरिओमने त्यांना धरलं. तोही रडत होता, आणि ते त्याने लपवलं नाही.

राधेश्याम बराच वेळ वाचत उभे होते. मग तातेरावांना म्हणाले, "आमच्या काकानं जाताना काय म्हनलं, ते कोनी आयकलंच न्हाई." आणि तिरडीचे बांबू आणायला गेले. खांदा द्यायला पहिले तेच होते. खडूची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

ती चौकट हरिओमने तेरा दिवस पुसली नाही. बाकीच्या बातम्या रोज बदलत होत्या. कापूस उतरला, कुठे पूल खचला, कोणत्या पक्षातून कोण कुठे गेलं, आणि खाली कोपऱ्यात ती ओळ तशीच. सुतक होतं, म्हणून श्रीची जागाही कोरीच होती. चौदाव्या दिवशी सकाळी आबा आले. हात वर नेला, पण हात एवढा थरथरत होता की खडू माझ्यावर नुसताच टकटक वाजला. हरिओम मागून आला आणि त्याने आबांचं मनगट धरलं. घट्ट धरलं, हलवलं मात्र नाही. आबांनी श्री काढला. तो कोणी लिहिला असं विचाराल तर आबांनी. हरिओमने फक्त हात धरला होता. मला तरी तेवढंच जाणवलं.

आता आबा रोज येत नाहीत. कधी येतात तेव्हा श्री असतो, नाहीतर चार बोटं जागा कोरी असते, आणि हरिओम ती कधी बातमीने भरत नाही. त्याचं लग्न अजून ठरलेलं नाही. लोक अजून त्याला विचारतात, देव हाय का न्हाई. तो अजून दमतो. मीही दमतो. माझी भेग रुंदावते आहे. एखाद्या उन्हाळ्यात माझ्या तीन फळ्या वेगळ्या होतील आणि तातेरावांच्या चुलीत जातील, त्याची तक्रार नाही.

मित्रांनो, तोपर्यंत एक मागणं आहे. मला पोस्टर चिकटवू नका. ओल्या फडक्याने पुसू नका, कोरडं वापरा. आणि माझ्यावर कोणाबद्दल काही लिहाल तेव्हा आधी नीट विचारून घ्या, ऐकून घ्या. तुमच्या गावातही हरिओमसारखा कोणी असेल. त्याला दिवसातून एकदा तरी देवाशिवाय दुसरं काहीतरी विचारा. जेवला का, एवढं विचारलं तरी त्याला पुरेल.

कालची सकाळ सांगतो आणि थांबतो. हरिओमने पाच बातम्या लिहिल्या, तिथी लिहिली, हात झटकले. मग तो तुळजामायच्या ओट्याजवळून वळला. ओट्यावर कोणी नव्हतं. वातींचं सूप भिंतीला उभं लावलेलं होतं. तो थांबला आणि म्हणाला, "येतो, माय."

राधेश्याम दुकानाचं शटर वर करत होते. त्यांनी ऐकलं. "हरी, कोनाला म्हनून राह्यला? तिथं तर कोनी न्हाई."

"माहीत हाय, काका," हरिओम म्हणाला, आणि सेंटर उघडायला गेला.